अंबडमधील एक यंत्र आणि माझा कॉर्पोरेट फायनान्सचा प्रकल्प

रसायनशास्त्रात बी.एस्सी. आणि त्यानंतर चार वर्षे प्रयोगशाळेतील नोकरी, एवढ्या शिदोरीवर मी नाशिकमधील एका महाविद्यालयात एम.बी.ए.ला प्रवेश घेतला. पहिले वर्ष पाठांतराच्या बळावर निभावले. परंतु तिसऱ्या सत्रात कॉर्पोरेट फायनान्स या विषयासाठी प्रत्यक्ष कंपनीवर प्रकल्प करणे बंधनकारक आहे, असे ५ ऑगस्ट २०२४ रोजी वर्गात जाहीर झाले, तेव्हा मला खरोखर भीती वाटली. विषयाची रूपरेषा २० ऑगस्टपर्यंत द्यायची होती, पहिला मसुदा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आणि तोंडी परीक्षा नोव्हेंबरमध्ये. वाणिज्य शाखेची पार्श्वभूमी नसताना हा प्रकल्प हाती घेणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून त्या चार महिन्यांत जे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

माझी पहिली रूपरेषा 'एका कंपनीच्या आर्थिक गुणोत्तरांचा अभ्यास' अशी होती. मार्गदर्शक मॅडमनी ती दोन मिनिटांत वाचली आणि विचारले, "हे सगळे काढून झाल्यावर कंपनीने उद्या सकाळी काय करायचे, ते तुला सांगता येईल का?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी कागद परत दिला आणि सांगितले की, एखाद्या कारखान्याला खरोखर पडलेला एक प्रश्न शोध. त्या वेळी मला हे उगीच कठीण करून ठेवल्यासारखे वाटले होते. आज मात्र वाटते की संपूर्ण प्रकल्पात मला मिळालेला सर्वांत मोलाचा सल्ला तोच होता, कारण प्रश्न एकच असला की कोणती आकडेवारी हवी आणि कोणती नको, हे आपोआप ठरत जाते.

प्रश्न मिळवण्यासाठी कंपनी हवी, आणि कंपनी मिळवण्यातच माझा सर्वाधिक वेळ गेला. सातपूर परिसरातील एका कारखान्याने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तोंडी होकार दिला होता. महाविद्यालयाचे शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत, माहिती गोपनीय ठेवण्याचे हमीपत्र असे सर्व कागद मी तेथे पोहोचवले आणि त्या भरवशावर रूपरेषाही सादर केली. एकोणीस दिवस फोन करत राहिल्यावर, आर्थिक माहिती बाहेर देण्याचे धोरण नाही, असे मला कळवण्यात आले. होकार लेखी घ्यायला हवा होता, आणि पहिल्या दिवसापासून दुसऱ्या एका कंपनीकडेही अर्ज करून ठेवायला हवा होता; ही दोन कामे पुढच्यांनी न चुकता करावीत. त्या संध्याकाळी मी घरी कोणाशी बोलले नाही.

मार्ग सापडला तो गणेशोत्सवात. आमच्या सिडकोतील मंडळाच्या आरतीला येणारे शेजारचे काका अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान खासगी मर्यादित कंपनीत स्टोअर सांभाळतात. त्यांनी मालकांशी बोलून दिले आणि अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर, १९ सप्टेंबरला, सिटीलिंकच्या बसने मी अंबडला गेले. मालक स्पष्ट बोलणारे होते. "नाव छापायचे नाही, गिऱ्हाइकांची नावे छापायची नाहीत. बाकी जे विचाराल ते सांगतो," असे त्यांनी सांगितले आणि मीही तेथेच कागदावर तसे लिहून सही करून दिले. अहवालात सर्वत्र 'अ कंपनी' असाच उल्लेख आहे.

प्रश्न त्यांच्याकडे तयारच होता. ओतकाम करून आलेल्या भागांचे काही यंत्रण (मशिनिंग) ते बाहेर जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्या कारखान्याकडून मजुरीवर करून घ्यायला, देत होते आणि एका जुन्या गिऱ्हाइकाकडून वाढीव काम येण्याची बोलणी चालू होती. त्यासाठी व्हीएमसी (व्हर्टिकल मशिनिंग सेंटर, धातूचे भाग कापून आकार देणारे संगणकनियंत्रित यंत्र) घ्यावे की न घ्यावे, हे ठरत नव्हते. यंत्राचे कोटेशन ४० लाख रुपयांचे, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७ लाख २० हजार. पाया आणि वीजजोडणीचा खर्च वेगळा २ लाख. बँक मुदत कर्ज द्यायला तयार होती. माझ्या प्रकल्पाचे शीर्षक त्या दुपारी बदलले: हे यंत्र घेतल्याने कंपनीचे मूल्य वाढेल का?

आकडे मिळण्यास मात्र पुन्हा थांबावे लागले. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये शुल्क भरून कोणत्याही नोंदणीकृत कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे पाहता येतात. मी शुल्क भरले, परंतु तेथे २०२२-२३ पर्यंतचेच ताळेबंद होते. वार्षिक सभेसाठी ३० सप्टेंबरपर्यंत आणि त्यानंतर ताळेबंद दाखल करण्यासाठी आणखी ३० दिवसांची मुदत असल्यामुळे २०२३-२४ चे आकडे सप्टेंबरमध्ये तेथे दिसण्याची शक्यता कमीच होती. ते कंपनीच्या सीएंकडून घ्यावे लागणार होते आणि सप्टेंबर महिन्यात सीएंच्या कार्यालयात विद्यार्थ्याने वेळ मागणे म्हणजे लग्नघरी आचाऱ्याशी गप्पा मारायला जाण्यासारखे आहे. त्यातच त्या वर्षी कर लेखापरीक्षणाची ३० सप्टेंबरची मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली. मला भेट मिळाली ती दसऱ्याच्या दोन दिवस आधी, १० ऑक्टोबरला. यंदा ज्यांचा प्रकल्प असेल त्यांनी कंपनीचे ताळेबंद ऑगस्टमध्येच मागून घ्यावेत, किंवा मग ऑक्टोबरचा दुसरा आठवडा गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.

मधले तीन आठवडे मी भांडवलाचा खर्च, म्हणजे बँक आणि भागधारक यांनी पुरवलेल्या पैशावर त्यांना द्यावा लागणारा परतावा, काढण्यात घालवले. कर्जाचा खर्च सोपा होता: बँकेचा दर १०.५ टक्के, कर २५.१७ टक्के, म्हणजे व्याजामुळे वाचणारा कर वजा जाता ७.८६ टक्के. भागभांडवलाचा खर्च काढण्यासाठी बीटा (बाजार हलला की शेअर त्याच्या किती पट हलतो, याचे माप) लागतो, आणि शेअर बाजारात नोंदच नसलेल्या कंपनीला बीटा कुठून आणायचा, येथे मी अडले. उपाय पाठ्यपुस्तकातच होता. त्याच व्यवसायातील नोंदणीकृत कंपन्यांचे बीटा काढायचे, प्रत्येकातून त्या कंपनीच्या कर्जाचा परिणाम वेगळा करायचा, उरलेल्या शुद्ध व्यवसायजोखमीची सरासरी घ्यायची आणि तिच्यावर आपल्या कंपनीच्या कर्जाचा परिणाम पुन्हा चढवायचा. रॉबर्ट हमादा यांच्या नावाने ओळखले जाणारे हे सूत्र मी चार कंपन्यांसाठी वापरले. कर्ज आणि भागभांडवल यांचे प्रमाण काढताना भागभांडवल ताळेबंदातील न घेता बाजारमूल्याने घ्यायचे असते, हे येथे विसरू नये.

या टप्प्यावर एक संपूर्ण रविवार वाया गेला, तो सांगितलाच पाहिजे. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरून मी शेअरचे जुने भाव उतरवून घेतले, एक्सेलमध्ये बीटा काढणारे स्लोपचे सूत्र टाकले आणि एका कंपनीचा बीटा असा विचित्र आला की काही केल्या पटेना. दुपारनंतर एकेक ओळ वाचत खाली गेले, तेव्हा एका आठवड्यात भाव एकदम निम्म्यावर आलेला दिसला. कंपनीचे काहीही बिघडले नव्हते. शेअरचे विभाजन झाले होते आणि मी घेतलेले भाव त्यानुसार जुळवलेले नव्हते. तेव्हापासून भाव उतरवल्यावर प्रथम त्यांचा आलेख काढून पाहायचा, मगच सूत्र लावायचे, असा क्रम मी ठेवला. काळही विचारपूर्वक निवडावा लागतो. पाच वर्षे मागे गेल्यास मार्च २०२० मधील टाळेबंदीच्या वेळची घसरण त्यात येते आणि त्या काही आठवड्यांचा भार संपूर्ण उत्तरावर पडतो. म्हणून मी ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२४ या दोन वर्षांचे साप्ताहिक भाव घेतले आणि त्यामागचे कारण अहवालात नोंदवले.

कर्जाचा परिणाम वेगळा केलेल्या बीटांची सरासरी ०.८० आली. आमच्या कंपनीचे कर्ज ४० टक्के आणि भागभांडवल ६० टक्के धरल्यावर बीटा १.२० झाला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरील परतावा तेव्हा सुमारे ६.८ टक्के होता. बाजाराच्या जादा जोखमीचा मोबदला ७ टक्के धरला. आणि कंपनी लहान, गिऱ्हाइके मोजकी म्हणून आणखी ३ टक्के मिळवले. भागभांडवलाचा खर्च १८.२ टक्के आणि दोन्ही मिळून भारित सरासरी १४ टक्के. शेवटचे ३ टक्के कोणत्याही तक्त्यातून आलेले नाहीत, ते माझ्या अंदाजाचे आहेत, आणि तसे मी लिहूनही दिले. अंदाज उघडपणे मांडला म्हणून कोणी गुण कापत नाही. मागाहून मला तो अनुभव आला.

यंत्राचा खर्च मांडताना जीएसटीचे ७ लाख २० हजार धरायचे की नाही, हे मी आधीच कंपनीच्या हिशेबनीसांना विचारले होते. ती रक्कम इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून परत वळती होते, त्यामुळे ती खर्चात येत नाही आणि तिच्यावर घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट, हीही मिळत नाही. तेव्हा गुंतवणूक ४२ लाख. वाचलेले जॉबवर्क आणि वाढीव काम यांतून कारागिराचा पगार, वीज, टूल्स आणि देखभाल वजा जाता वर्षाला १३ लाख रुपये सुटतील, असे मालकांचे आणि माझे एकत्र बसून केलेले गणित होते. सात वर्षे आयुष्य, शेवटी ८ लाखांना विक्री. निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढच्या वर्षांतील रकमा १४ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून त्यांतून गुंतवणूक वजा केल्यावर उरणारी रक्कम, ३ लाख २० हजार रुपये अधिक आले. उत्तर अधिक आल्याचा मला इतका आनंद झाला की २१ ऑक्टोबरला मी मसुदा देऊन मोकळी झाले.

मसुदा २६ तारखेला परत आला. रोख प्रवाहाच्या तक्त्यावर लाल शाईने दोनच ओळी होत्या: "व्याज दोनदा का वजा केलेस?" आणि "खेळते भांडवल कुठे आहे?"

पहिली चूक समजायला मला एक रात्र लागली. मी दरवर्षीच्या रोख प्रवाहातून बँकेचे व्याज वजा केले होते आणि मग उरलेली रक्कम १४ टक्क्यांनी वर्तमान मूल्यात आणली होती. पण त्या १४ टक्क्यांत बँकेचे व्याज आधीच समाविष्ट आहे. यंत्र स्वतः किती कमावते हे वरच्या बाजूला, म्हणजे रोख प्रवाहात, मोजायचे, आणि पैसा पुरवणाऱ्यांना किती द्यावे लागते हे खालच्या, म्हणजे त्या १४ टक्क्यांच्या, दरात मोजायचे. दोन्हीकडे व्याज आले की यंत्रावर अन्याय होतो. ते काढल्यावर उत्तर एकदम ८ लाख ७४ हजारांवर गेले.

दुसऱ्या ओळीने मला पुन्हा अंबडला नेले. वाढीव काम घ्यायचे म्हणजे त्यासाठी कास्टिंगचा साठा करावा लागणार आणि गिऱ्हाइकाकडे उधारीही वाढणार. तो अडकलेला पैसा, म्हणजेच खेळते भांडवल, यंत्राइतकाच खरा आहे. किती अडकेल हे काढण्यासाठी मी ताळेबंदावरून येण्यांचे दिवस, म्हणजे बिलाचे पैसे येण्यास सरासरी लागणारे दिवस, काढले होते, ते ५८ आले होते. २८ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आलेली असताना, हा आकडा मी स्टोअरमधल्या काकांना सांगितला. ते काही बोलले नाहीत. कपाटातून त्यांनी निळ्या कापडी पुठ्ठ्याची एक लांब वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. डावीकडून बिल नंबर, तारीख, माल गेलेल्या गाडीचा नंबर, रक्कम आणि अगदी उजवीकडे, पेन्सिलीने, पैसे जमा झाल्याची तारीख. कडेच्या पानांवर तेलकट बोटांचे ठसे होते. "ताई, हे मोजून बघा," ते म्हणाले. संध्याकाळी साडेसहापर्यंत बसून मी वर्षभराची २१४ बिले मोजली. रकमेच्या भारानुसार सरासरी ८२ दिवस आली.

ताळेबंद ५८ सांगतो आणि वही ८२ सांगते, मग खोटे कोण? दोन्ही खरे होते, आणि याचे कारण शोधताना मला या प्रकल्पात सर्वांत जास्त शिकायला मिळाले. ताळेबंद ३१ मार्चचा असतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४३बी(एच) आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाल्यामुळे, मुदत उलटलेली रक्कम खरेदीदाराने प्रत्यक्ष दिल्याशिवाय त्याला ती खर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे वर्षभर थांबवलेली बिले मार्चच्या अखेरीस भराभर चुकती होतात. वहीतही तसेच दिसत होते: मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत उजवीकडच्या रकान्यात पेन्सिलीच्या तारखांची दाटी झाली होती, आणि एप्रिलपासून रकाना पुन्हा रिकामा रिकामा. वर्षातून एकदाच हलकी होणारी उधारी पाहून वर्षभराचा अंदाज बांधला असता, तर वाढीव २० लाखांच्या विक्रीसाठी मी सव्वातीन लाख धरले असते. वहीप्रमाणे ते साडेचार लाख होत होते. साठ्याचे दीड लाख मिळवून ६ लाख. सुरुवातीला हे ६ लाख गुंतवायचे आणि सातव्या वर्षाअखेर परत मिळतात असे धरल्यावर उत्तर ५ लाख १४ हजारांवर आले.

आता सगळे बरोबर आहे असे समजून मी दिवाळी केली. भाऊबीज झाल्यावर, ६ नोव्हेंबरला, सीएंनी दहा मिनिटांची वेळ दिली, कारण कंपन्यांची विवरणपत्रे १५ तारखेपर्यंत भरायची असल्याने त्यांची गडबड अजून संपली नव्हती. त्यांनी घसाऱ्याच्या तक्त्यावर बोट ठेवले. नवीन यंत्रावर मी १५ टक्के नेहमीचा आणि पहिल्या वर्षी २० टक्के अतिरिक्त घसारा घेतला होता. "कर किती धरलाय? २५.१७? मग अतिरिक्त घसारा मिळत नाही," ते म्हणाले. कंपनीने त्याच आयकर कायद्याच्या कलम ११५बीएए खालचा सवलतीचा दर स्वीकारलेला होता. २२ टक्के मूळ दर, त्या करावर १० टक्के अधिभार आणि दोन्हींच्या बेरजेवर ४ टक्के उपकर मिळून तो २५.१७ होतो, आणि तो घेणाऱ्या कंपनीला अतिरिक्त घसारा सोडावा लागतो. एका पुस्तकातून दर आणि दुसऱ्या पुस्तकातून घसारा घेऊन मी दोन वेगवेगळ्या व्यवस्थांचे लाभ एकत्र केले होते. कंपनीने हा दर निवडण्यासाठीचा १०-आयसी हा अर्ज भरला आहे का, एवढे आधी विचारले असते तरी पुरे होते. यंत्र एप्रिलमध्ये बसणार होते म्हणून पहिल्या वर्षाचा पूर्ण १५ टक्के घसारा राहिला. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असता, तर तोही निम्मा झाला असता.

अंतिम उत्तर ४ लाख ८ हजार आले. मी पहिल्या मसुद्यात ३ लाख २० हजार लिहिले होते, म्हणजे फरक फारसा नव्हता, आणि हीच गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करून गेली. तीन मोठ्या चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या आणि उत्तर मात्र शहाण्यासारखे दिसत होते. उत्तर पटण्याजोगे आहे म्हणून गणित बरोबर आहे, असे समजून मी ते तसेच छापले असते.

मग मी उरलेले दिवस एकेक गृहीतक हलवून पाहण्यात घालवले. भांडवलाचा खर्च १२ टक्के धरला तर मूल्य ७ लाख ७५ हजार, १६ टक्के धरला तर जेमतेम ७८ हजार. खेळते भांडवल ६ ऐवजी १० लाख लागले तर १ लाख ६८ हजार. आणि वर्षाला सुटणारे १३ लाख फक्त १० टक्क्यांनी कमी झाले, तर उत्तर नऊ हजारांनी उणे. माझा निष्कर्ष त्यामुळे बदलला: गिऱ्हाइकाकडून वर्षभराच्या कामाची लेखी हमी आणि पैसे देण्याची मुदत ठरवून मिळाली तर यंत्र घ्यावे, अन्यथा जॉबवर्क चालू ठेवावे.

छपाईपूर्वी ग्रंथालयात मजकुराची साम्यतपासणी झाली, तेव्हा २३ टक्के साम्य निघाले. सर्व साम्य व्याख्यांच्या प्रकरणात होते. मी ते प्रकरण पुन्हा न लिहिता काढूनच टाकले आणि सूत्रे जेथे वापरली तेथेच दोन-दोन ओळींत समजावली. अहवाल ९१ पानांवरून ६४ वर आला आणि वाचनीयही झाला. तीन प्रतींची छपाई आणि बांधणी ९४० रुपयांत झाली. बस, झेरॉक्स आणि शुल्क धरून एकूण खर्च दोन हजारांच्या आत राहिला.

तोंडी परीक्षा १८ नोव्हेंबरला होती. विधानसभेच्या मतदानासाठी काही प्राध्यापकांना निवडणुकीचे काम लागल्याने ती २८ तारखेला गेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताळेबंदात येणी ५८ दिवसांची, तुम्ही ८२ कशी धरलीत?" मी परिशिष्टातील २१४ बिलांची यादी उघडून दाखवली आणि मार्च महिन्याचे कारण सांगितले. त्यानंतर त्यांनी जादा ३ टक्क्यांबद्दल विचारले. त्याला आधार माझ्या अंदाजाचाच आहे, आणि म्हणूनच १२ आणि १६ टक्क्यांची उत्तरेही दिली आहेत, असे मी म्हणाले. हातांचा कंप तोवर थांबला होता. पंचवीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटे केवळ खेळत्या भांडवलावर बोलणे झाले. बीटाबद्दल, ज्याची तयारी मी सर्वाधिक केली होती, एकच प्रश्न आला. १६ डिसेंबरला निकाल लागला आणि ५० पैकी ४३ गुण मिळाले.

त्याच आठवड्यात एक प्रत घेऊन मी अंबडला गेले. मालकांनी शेवटचे प्रकरण आधी वाचले, चष्मा काढला आणि गिऱ्हाइकाकडून लेखी ऑर्डर येईपर्यंत यंत्राचे कोटेशन थांबवून ठेवा, असे हिशेबनीसांना सांगितले. निघताना मी स्टोअरमध्ये डोकावले. काकांनी नव्या वर्षाची वही आखायला घेतली होती, आणि पैसे जमा झाल्याच्या तारखेपुढे या वेळी आणखी एक अरुंद रकाना होता. त्यावर त्यांनी लिहिले होते: दिवस.